थ्रेलगिलांची लाळ

"हेस्टर, आज तू चहा किती कप घेतलास?"

फोनवर मेव्हिस टूथिल होती. हार्कबीच्या चर्चचं सभागृह गेली वीस वर्षं तीच सांभाळत होती. एरवी तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. आज ती कुजबुजत होती.

"दोन. का गं?"

"भाषणाआधी की नंतर?"

"आधी एक, नंतर एक. झालंय तरी काय?"

पलीकडे मेव्हिसला उमासा आला. हेस्टरने तो स्पष्ट ऐकला.

"तू ये. आणि काही खाऊन येऊ नकोस."

जूनमधली संध्याकाळ. सहा वाजले तरी ऊन लख्ख होतं. हेस्टर ब्लॅमायर पाच मिनिटांत सभागृहाच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात पोचली. चहाचा मोठा स्टीलचा बंब मेव्हिसने ओट्यावर कलता करून ठेवला होता. झाकण बाजूला पडलं होतं.

"दुसऱ्या चहाला बंबाच्या नळातून पाणी थेंबथेंब येत होतं," मेव्हिस म्हणाली. "म्हटलं चुना साचला असेल. आता साफ करायला आत हात घातला, तर हे. तूच बघ."

हेस्टरने वाकून पाहिलं. तळाशी दोन बोटं गढूळ पाणी होतं आणि त्यात फुगलेले, पांढुरके, मऊ गोळे तरंगत होते. कापसाचे. काही नळाच्या तोंडाशी चिकटून बसले होते.

तिने चिमट्याने ते एकेक करून बशीत काढले. एकतीस.

एकतीस माणसांनी दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान गालांच्या आतून फिरवलेल्या काड्यांची ही टोकं होती. आणि साडेचार वाजता सत्तर माणसांनी याच पाण्याचा चहा प्यायला होता. बिस्किटं बुडवून. त्यात चार गरोदर बाया होत्या, नव्वदीच्या दोन म्हाताऱ्या होत्या, आणि हेस्टर स्वतः होती.

ती मोरीशी गेली. दुसरा कप बाहेर आला. मग तिने तोंड धुतलं, भांडी पुसायच्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "मेव्हिस, हे कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

"सांगते कशाला! लोक मलाच फाडून खातील."

*

थ्रेलगिल हे आडनाव साऱ्या जगात फक्त एकशे सत्याऐंशी माणसांना आहे. त्यातली चौसष्ट यॉर्कशरमधल्या या एका हार्कडेलच्या खोऱ्यात राहतात. खोऱ्याच्या वरच्या टोकाला एक अरुंद घळ आहे, तिच्यावरून हे नाव पडलं. जुन्या उत्तरेकडच्या बोलीत त्याचा अर्थ होतो गुलामांची घळ. बाकीचे थ्रेलगिल लँकेशरच्या गिरण्यांकडे गेले, कॅनडात गेले, टास्मानियात गेले, आणि बहुतेक ठिकाणी मुलींवर येऊन संपले. 

दर जूनमध्ये थ्रेलगिल मंडळाचा मेळावा भरे. हेस्टर मंडळाची चिटणीस. तिची आई थ्रेलगिल होती. शिवाय अडतीस वर्षं तिने हार्कबीच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत काढली होती. खोऱ्यात कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, हे तिला तोंडपाठ होतं.

यंदा पहिल्यांदाच पुरुषांच्या लाळेचे नमुने घ्यायचं ठरलं होतं. आडनावासारखाच एक धागा बापाकडून मुलाकडे उतरतो, तो लाळेत सापडतो. सगळे थ्रेलगिल एकाच पूर्वजाचे की वेगवेगळ्या घरांचे, ते त्यातून कळणार होतं. एकतीस जणांनी काड्या फिरवून दिल्या. नळ्या एका पेटीत घालून हेस्टरनेच ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, तिथे गारवा होता म्हणून. सोमवारी पेटी टपालाने जायची होती.

आता तिने पेटी उघडली. एकतीस नळ्या ओळीने उभ्या होत्या, झाकणं घट्ट, चिठ्ठ्या समोर. प्रत्येकीत काडी होती. फक्त काडीला टोक नव्हतं.

"म्हणजे आपण हे असंच पाठवलं असतं," हेस्टर म्हणाली. "प्रयोगशाळेने कळवलं असतं, यात काही सापडलं नाही. आपण म्हटलं असतं, आपल्याच लोकांना काड्या नीट फिरवता आल्या नाहीत. नळ तुंबला नसता तर कुणाला कळलंच नसतं. मेव्हिस, नीट आठव. इथे कोण आलं होतं?"

"मी पाहिलं असतं तर सांगितलं नसतं का? रॉडरिकचं भाषण चालू होतं. मी बाहेर कप गोळा करत होते. दोन्ही हातांत ट्रे, म्हणून पाठीने दार ढकललं. तेवढ्यात बंबाचं झाकण वाजलं. वळले तर कुणी नाही, मागचं दार हलतंय फक्त. मला वाटलं वारा."

"वाऱ्याने झाकण वाजतं का गं?"

"आता नाही वाटत," मेव्हिस म्हणाली.

मागचं दार ज्या बोळात उघडे, तिथेच शौचालयं होती. हेस्टर भाषणाच्या वेळी शेवटच्या रांगेत बसली होती. रॉडरिकच्या त्या पाऊण तासात बाहेर जाणारे तिला आठवत होते. म्हातारा अमॉस थ्रेलगिल दोनदा गेला, डॉक्टर ऑर्सवेल एकदा. दोन लहान मुलीही गेल्या होत्या, पण बंबाच्या झाकणापर्यंत त्यांचा हात पोचला नसता.

*

रविवारी सकाळी ती रॉडरिक थ्रेलगिलकडे गेली. हा मंडळाचा अध्यक्ष. निवृत्त लिलाववाला, बोलताना अजून हातात हातोडी असल्यासारखा. आपलं घराणं एका नॉर्मन सरदारापासून निघालं, असं तो गेली पंधरा वर्षं दर भाषणात सांगत आला होता. गुलामांच्या घळीचा विषय निघाला की त्याचे कान लाल होत.

"नमुने खराब झालेत, रॉडरिक. कुणीतरी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम? कुणी?"

"तेच विचारायला आले. नमुने तपासले गेले असते तर तुमच्या सरदाराचं काय झालं असतं?"

"म्हणजे मी?" रॉडरिक उभाच राहिला. "बाई, या चाचण्यांचे पैसे मी माझ्या खिशातून भरलेत! मला नको असतं तर मी ठरावच येऊ दिला नसता. आणि मी तर तुमच्या सगळ्यांच्या समोर बोलत होतो."

"पाऊण तास," हेस्टर म्हणाली.

"आवडलं का?"

"लांब होतं. चहा घेतलात नंतर?"

"चहा मी आयुष्यात घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात ब्रँडीची चपटी बाटली असे.

अमॉस थ्रेलगिलचं घर गावाच्या टोकाला होतं. म्हातारा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. आयुष्यभर दगडी बांध रचत आला होता, आणि आता त्याचा मुलगा कॉलिन तेच काम करत होता. अमॉसने मेळाव्याच्या आधीच सगळ्यांना सुनावलं होतं, थुंकीत कसलं आलंय आडनाव.

"खराब झाले?" तो म्हणाला. "बरं झालं."

"बरं का झालं, अमॉस?"

"जमिनीतले दगड जिथल्या तिथे राहिलेले बरे असतात, पोरी. उकरायचे कशाला?"

"तू नमुना दिलास की."

"कॉलिनने आग्रह केला म्हणून. नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, का नाही."

"मग का नाही?"

म्हातारा आपल्या पालथ्या हातांकडे पाहत राहिला. हेस्टरच्या मनात काहीतरी टोचलं. चौपन्न सालच्या हिवाळ्यात खोऱ्यात गालगुंडाची साथ आली होती. मोठ्या वयात गालगुंड झालेल्या पुरुषांना मूल होत नाही, असं बायका कुजबुजत बोलत. अमॉस तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

"काल दुसरा चहा घेतलास का?" तिने विचारलं.

"दोन कप. पाणचट होता. मेव्हिसला सांग, पत्ती चोरू नकोस म्हणावं."

*

डॉक्टर लायनेल ऑर्सवेलच्या घरी हेस्टर शेवटी गेली. हार्कबीत डॉक्टरांना न ओळखणारा माणूस नव्हता. सहासष्ट साली ते सफोककडून इथे आले आणि इथलेच झाले. स्वतःचं छोटं प्रसूतिगृह चालवलं. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं. बागेत त्यांच्या नावाचं बाक होतं, आणि ते मंडळाचे आश्रयदाते होते. वय त्र्याऐंशी, पण पाठ ताठ, हात स्वच्छ, नखं कापलेली.

"या, हेस्टर! बसा. चहा?"

"नको, डॉक्टर."

"तुम्ही आणि चहाला नाही म्हणता?" त्यांनी स्वतःसाठी ओतला. पंधरा मिनिटांत ते तीन कप प्यायले. त्यांच्या चहाच्या वेडावर गावात विनोद होते.

शेकोटीवरच्या फळीवर तान्ह्या बाळांचे फोटो रांगेने मांडले होते. आईबापांनी आभार म्हणून पाठवलेले. काही रंग उडून पिवळे पडले होते.

"पुष्कळ झालेत," हेस्टर म्हणाली.

"सगळी माझीच मुलं," डॉक्टर हसून म्हणाले. "बोला, काय काम काढलंत?"

"कालचे नमुने नासलेत. कुणीतरी मुद्दाम नासवलेत."

"अरेरे. कसला हा खोडसाळपणा!" त्यांनी कप खाली ठेवला. "कुणी आजारी वगैरे पडलं का?"

"अजून तरी नाही."

"पडणारही नाही. उकळलेल्या गोष्टीने कुणी आजारी पडत नसतं. लोकांना उगाच घाबरवू नका. आणि खरं सांगू का? हा नादच सोडून द्या. आपल्या गावात कुणाच्या घरात काय निघेल सांगता येत नाही. जुन्या बायकांची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणायची?"

हेस्टर उठली. त्यांनी दारापर्यंत येऊन तिचा हात हातात घेतला. तो हात कोरडा आणि उबदार होता. घरी जाऊन तिने आपला हात साबणाने दोनदा धुतला. का, ते तिला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिने मंडळाचा मोठा नकाशा टेबलावर पसरला. जिथे जिथे थ्रेलगिल राहतात, तिथे तिथे टाचणी. शेजारी गेल्या शंभर वर्षांचे आकडे. बर्नलीत सत्तावीस होते, तिथे आता दोन. लीड्समध्ये चौदा होते, आता एकही नाही. सगळीकडे नाव आटत गेलं होतं, फक्त हार्कबीत सत्तर सालानंतर आकडा चढला होता. कुणामुळे? तिने टाचण्या मोजल्या. तीन मुलगे आणि त्यांची पुढची पिढी. कॉलिन, डेरेक आणि ग्रॅहम. एकाहत्तर, बहात्तर आणि पंच्याहत्तर.

तिन्ही नोंदी तिनेच केल्या होत्या. कॉलिनची तर तिच्या नोकरीतल्या पहिल्या वर्षातली. तिन्ही बाप कचेरीत आले तेव्हा रडले होते, कारण तिन्ही जोडप्यांनी आठ-आठ, अकरा-अकरा वर्षं वाट पाहिली होती. तिघांच्याही तोंडी एकच वाक्य होतं. डॉक्टरांनी नवीन उपचार केला.

मग तिने नव्या नळ्या मागवल्या. या वेळी मेळावा नाही, पेटी नाही. ती स्वतः एकतीस घरांत गेली आणि नमुना हातात पडताच सरळ टपालात टाकत गेली.

अमॉसने नळी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली.

"द्यायलाच हवी का, हेस्टर?"

"नाही. तुझी मर्जी."

त्याने तोंड उघडलं.

*

सहा आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी अकरा वाजता, सभागृहामागच्या खोलीत हेस्टरसमोर पाच माणसं टेबलाभोवती बसली. रॉडरिक, मेव्हिस, अमॉस, कॉलिन आणि डॉक्टर ऑर्सवेल. निकाल वाचायचा आहे, एवढंच डॉक्टरांना कळवलं होतं. कॉलिन, डेरेक आणि ग्रॅहमना हेस्टरने आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगितलं होतं. डेरेक आणि ग्रॅहमने यायला नकार दिला. कॉलिन म्हणाला होता, "त्याच्यासमोर सांग. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आधी बंबाचं सांगते," हेस्टरने सुरुवात केली. "त्या दिवशी नमुन्यांची टोकं तोडून कुणीतरी चहाच्या बंबात टाकली. आपण सगळ्यांनी ते पाणी प्यायलं."

रॉडरिकने तोंडावर रुमाल धरला.

"तुम्ही तर चहा घेत नाही," मेव्हिस म्हणाली.

"माझ्या बायकोने तीन कप घेतले!"

"हे करणारा माणूस कोण असेल?" हेस्टर पुढे म्हणाली. "प्रथम वाटलं, ज्याला आपलं गुपित फुटायची भीती असेल तो. पण नमुना देण्याची सक्ती कुणावरच नव्हती. ज्याला भीती असती, त्याने सर्दी झालीय म्हणत काडी फिरवायचं टाळलं असतं. काम संपलं. मग पेटीला हात कुणाला लावावा लागला? ज्याचं गुपित दुसऱ्याच्या तोंडात होतं त्याला. आणि ते कुणाकुणाच्या तोंडात आहे हे त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने एकही टोक शिल्लक ठेवलं नाही."

हेस्टर रॉडरिककडे वळली.

"भाषण चालू असताना झाकण वाजलं. रॉडरिक, तुम्ही तेव्हा आमच्यासमोर उभे होतात. बाहेर दोनच मोठी माणसं गेली होती, अमॉस आणि डॉक्टर. अमॉसचा मला खरंच संशय आला. त्याला हे नमुने नको होते. पण अमॉसने दुसऱ्या चहाचे दोन कप घेतले आणि पाणचट आहे म्हणून तक्रार केली. बंबात काय आहे हे ज्याला माहीत असेल तो दोन कप पिईल?"

"मला कुठे माहीत होतं!" अमॉस पुटपुटला.

"डॉक्टर मात्र दिवसाला दहा कप पितात. मेव्हिस, त्या दिवशी?"

"पहिला घेतला होता," मेव्हिस म्हणाली. "दुसऱ्याला कप पुढे केला तर म्हणाले, पोटात जडपणा आहे. मी म्हटलंही, डॉक्टर, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय."

डॉक्टर हसले. "मी चहा नाकारला. फाशी द्या मला."

"दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले," हेस्टर म्हणाली. "नमुने नासले, एवढंच तुम्हाला सांगितलं. पाण्याचं नाही, बंबाचं नाही. मेव्हिस आणि मी सोडून ते कुणालाही माहीत नव्हतं. आणि तुम्ही मला समजावलंत, उकळलेल्या गोष्टीने कुणी आजारी पडत नाही."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, पण ते आता चेहऱ्यावर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखं दिसत होतं.

"आता निकाल. सत्तावीस नमुने एकाच घराण्याचे आहेत. रॉडरिकचाही, अमॉसचाही. एक जण दत्तक आलेला, ते आधीच माहीत होतं. तीन वेगळे आहेत. कॉलिन, डेरेक आणि ग्रॅहम. तिघांचा धागा एकमेकांशी तंतोतंत जुळतो आणि थ्रेलगिलांशी मुळीच जुळत नाही. ज्यांच्याशी जुळतो अशा आठ पुरुषांची नावं प्रयोगशाळेने पाठवली आहेत. सात सफोकमध्ये, एक न्यूझीलंडमध्ये. आठांचंही आडनाव एकच. ते थ्रेलगिलपेक्षाही दुर्मिळ आहे, डॉक्टर. मी शोधलं. साऱ्या इंग्लंडमध्ये चाळीस माणसं. यॉर्कशरमध्ये फक्त एक."

तिने कागद टेबलावर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा. आठ वेळा ऑर्सवेल.

मेव्हिस खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकली. अमॉसने कागदाकडे पाहिलंच नाही. तो डॉक्टरांकडे बघत होता.

"बीज तुझंच आहे म्हणालास," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "फक्त जोर कमी आहे, मी यंत्रात जोर वाढवून घेतो, म्हणालास. प्रत्येक वेळी बायकोला एकटीला पाठव म्हणालास. अकरा वेळा गेली माझी एडिथ. घरी आली की गप्प बसायची. मी तुला दर नाताळात मेजवानीला पाळीव हंस पाठवला. सत्तेचाळीस वर्षं."

डॉक्टरांनी बाही नीट केली. "त्यांना मूल हवं होतं. मी मूल दिलं. तेव्हा असा कुठला कायदा नव्हता. दाता शोधायला लीड्सला जावं लागायचं, पैसे पडायचे, आणि नमुना ताजा मिळायचा नाही. माझ्या घराण्यात रोग नाही, डोकी चांगली आहेत. तुम्ही कशाचा आव आणताय, हेच मला कळत नाही. या खोऱ्यात तुमचं आडनाव टिकलंय ते माझ्यामुळे. आभार मानायला हवेत."

"आणि चहा?" हेस्टरने विचारलं.

"चहाचं काय?"

"टोकं खिशात घालता आली असती. मोरीत टाकता आली असती."

"मेव्हिस दारात होती. खिशात सापडली असती. उकळलं की त्यातलं सगळं नष्ट होतं, हे मला माहीत होतं." त्यांनी खांदे उडवले. "कुणाला अपाय झाला का?"

लोकांच्या शरीरात त्यांना न विचारता काय घालायचं, हे ठरवायची या माणसाला सवयच झाली होती. पन्नास वर्षांपूर्वीही आणि परवाही. त्यात काही चुकतंय, हे त्याला कळतच नव्हतं.

रॉडरिक उभा राहिला. घसा साफ केला. "डॉक्टर ऑर्सवेल, या क्षणापासून तुम्ही थ्रेलगिल मंडळाचे आश्रयदाते नाही."

एरवी कुणीतरी हसलं असतं. आज कुणी हसलं नाही.

कॉलिन सबंध वेळ डॉक्टरांचे कान पाहत होता, हनुवटी पाहत होता, टेबलावरचे लांब हात पाहत होता. मग त्याने आपले हात टेबलाखाली घेतले.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"आम्ही किती जण आहोत?"

"मोजदाद ठेवायची पद्धत नव्हती," डॉक्टर म्हणाले आणि हेस्टरकडे वळले. "नोंदी मिस ब्लॅमायर यांच्या हातच्या आहेत. बापाच्या रकान्यात काय काय लिहिलंय, ते त्यांनाच विचारा."

*

हेस्टरने सगळे कागद सोमवारी पोलिसांकडे दिले. डॉक्टरांच्या घराचे पडदे बंद झाले. बागेतलं बाक कुणीतरी भरदुपारी उखडून नदीत टाकलं, आणि ते कुणी टाकलं हे पाहिलेला एकही माणूस गावात सापडला नाही. 

अमॉस पुढच्या शनिवारी मंडळाच्या नकाशासमोर येऊन उभा राहिला. काही जणांचं म्हणणं होतं, तीन टाचण्या काढाव्या लागतील. तो म्हणाला, "कॉलिनला बांध रचायला मी शिकवलं. ज्याला टाचणी काढायची असेल त्याने आधी माझ्याशी बोलावं." तिन्ही टाचण्या जागच्या जागी राहिल्या.

मग बायका यायला लागल्या. कुणी फोन करी, कुणी पत्र टाकी, कुणी सरळ दार वाजवी. माझी आई पण त्याच्याकडे जायची. मी पण सहा वर्षांनी झाले. हेस्टर प्रत्येकीचं नाव वहीत लिहून घेई आणि चाचणीची नळी देई. चहा ती आता कुणालाच विचारत नसे. सप्टेंबर संपेपर्यंत वहीत छत्तीस नावं झाली होती. त्यातली एकवीस खरी निघाली.

जूडिथ ऑगस्टच्या मध्याला आली. कॉलिनची बायको. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती.

"कॉलिनला माहीत नाही मी आलेय ते," ती म्हणाली. "हेस्टर, माझा जन्म त्र्याहत्तरचा. त्याच प्रसूतिगृहातला. आई-बाबांनी सात वर्षं वाट पाहिली होती."

हेस्टरला ती नोंद आठवली. बापाने टाय लावला होता.

"आम्हाला दोन मुलं आहेत," जूडिथ म्हणाली.

स्त्रियांसाठी वेगळी चाचणी करावी लागे. त्या नळीला जायला आणि उत्तर यायला बावीस दिवस लागले. लिफाफा आला तेव्हा जूडिथने तो हेस्टरच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच फाडला. वाचला. पुन्हा वाचला. मग हेस्टरकडे दिला.

नातं नव्हतं. ती तिच्याच बापाची होती.

हेस्टर खुर्चीत बसली. "देवाची कृपा," ती म्हणाली. "जा, जूडिथ. घरी जा, सांग त्याला."

जूडिथ हलली नाही. 

"बावीस दिवस," ती म्हणाली, "तो झोपेत माझ्याकडे वळला की मी भिंतीकडे सरकत होते. त्याला वाटलं, त्याच्या रक्ताचं कळल्यापासून मला त्याची किळस येते. त्याने काल मला विचारलं तसं. आणि मी नाही म्हणू शकले नाही, कारण येत होती."

तिने लिफाफ्याची घडी केली, पिशवीत ठेवली आणि कॉलिन ज्या बांधावर काम करत होता, त्या शेताच्या वाटेला लागली.